सातबारा जिवंत झाला. पेठेतल्या घराचं काय?

प्रति,
मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय : मृत्युपत्र असूनही मालमत्ता पत्रकावर वारसांची नावं न लागण्याबाबत

महोदय,

सादर नमस्कार. २०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या खात्याने 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर काढली. मयत खातेदारांची नावं उतरवायची, वारसांची चढवायची. कल्पना उत्तम, अभिनंदन. फक्त पुण्याच्या पेठांत सातबारा नसतो. तिथे असतं मालमत्ता पत्रक, आणि त्यावर आजोबा-पणजोबा अजून सुखाने नांदताहेत.

निमित्त ताजं आहे. गेल्या आठवड्यात शहरातल्या एका कचेरीतून वारस फेरफाराचं प्रकरण तिसऱ्यांदा परत आलं. शेरा एका ओळीचा : 'प्रोबेट जोडावे.' कलम नाही, परिपत्रकाचा क्रमांक नाही, सहीखाली नाव नाही. शिक्का आहे, तोही अर्धाच उमटलेला.

आता हे प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा न्यायालयाचा दाखला, काय प्रकरण आहे ते आपल्या खात्यासाठीच लिहितो, कारण खिडकीपलीकडे ते कुणाला ठाऊक असावं असं दिसत नाही. भारतीय वारसा कायदा १९२५ चा. त्यातल्या कलम ५७ आणि २१३ मधून आलेली प्रोबेटची सक्ती हिंदूंच्या बाबतीत मुंबई आणि मद्रास उच्च न्यायालयांच्या मूळ दिवाणी हद्दीपुरती, म्हणजे त्या शहरांपुरती, आणि जुन्या बंगाल प्रांतापुरती होती. मृत्युपत्र त्या हद्दीत केलेलं असलं किंवा तिथली स्थावर त्यात असली, तरच. पुणे त्या हद्दीत कधीच नव्हतं. पुण्यात केलेलं, पुण्यातल्याच घराचं मृत्युपत्र प्रोबेटशिवाय चालतं. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. लागतात ते कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार. (वकील सांगून दमले की साक्षीदार तरुण घ्या. आमच्याकडे घेतात फॅमिली डॉक्टर आणि समोरचे काका, दोघेही करणाऱ्याच्याच वयाचे. कागद बाहेर येतो तेव्हा दोघांच्याही फोटोला हार.)

प्रोबेट मागणं म्हणजे काय मागणं, हे त्या शेरा मारणाऱ्याला माहीत आहे का? जिल्हा न्यायालयात अर्ज. सोबत मूळ मृत्युपत्र, मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, मालमत्तेची यादी आणि किंमत, एका साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र. त्यावर कोर्ट फी, वकील, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकतीची मुदत. कुणीच काही बोललं नाही तरी वर्ष-दीड वर्ष धरून चाला. एका भाच्याने हरकत घेतली की अर्जाचा दावा होतो, आणि मग तारखा मोजायच्या नाहीत.

बरं, प्रत्येक खिडकी निराळाच कागद मागते. कुणी उत्तराधिकार प्रमाणपत्र मागतं, जे मुळात ठेवी, शेअर, येणी यांच्यासाठी असतं. घराला त्याचा उपयोग नाही. कुणी वारस दाखला मागतं, तो मिळतो मुंबई रेग्युलेशन ८, सन १८२७ खाली. पेशवाई बुडून तेव्हा नऊ वर्षं झाली होती. इंग्रजांनी निदान कायदा लिहून तरी ठेवला. आपल्या कचेरीतला नियम तोंडी आहे, आणि बाबू बदलला की तोही बदलतो.

मुद्दा साधा आहे. फेरफार म्हणजे मालकी नव्हे. ती महसुली नोंद, हे न्यायालयांनी शंभरदा सांगितलं आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० मध्ये वाटही आखलेली आहे : अर्ज आला की नोंद घ्या, हितसंबंधितांना नोटीस द्या, हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत घालून सुनावणी करा, नाही आली तर प्रमाणित करा. मग आधीच प्रोबेट कशाला? कारण परत पाठवलेल्या प्रकरणाचा जाब कुणी विचारत नाही, मंजूर केलेल्याचा विचारतात. कलम १४९ नागरिकाला मात्र बजावतं की हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवा!

आणि प्रोबेट आणून दिलं तरी सुटका नाही. पत्रकावर 'विष्णुपंत', मृत्यूच्या दाखल्यावर 'विष्णू', आधारवर 'विष्णु'. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आणा. मुलीचं माहेरचं नाव एक, सासरचं दुसरं. लग्नाचा दाखला आणा, नसेल तर राजपत्र. वंशावळीत मयताची आई हयात असेल तर तीही पहिल्या वर्गाची वारस, मुलांच्या बरोबरीने. तिला हमखास गाळतात, आणि पुढे आईच्या पश्चात आत्या हिस्सा मागायला येते तेव्हा सगळे चकित. सत्तरीच्या गृहस्थाच्या नावापुढे अजून 'अ.पा.क. आई' (अज्ञान पालनकर्ती आई) असा शेरा सापडतो, म्हणजे सरकारदरबारी ते अजून अल्पवयीन आहेत. नावामागे 'ए.कु.मॅ.' (एकत्र कुटुंब मॅनेजर) असेल तर बाकीची भावंडं कागदावर जन्मलेलीच नाहीत. मूळ खरेदीखत म्हणाल तर नदीकाठच्या पेठांत १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानंतर ते किती घरांत उरलं, हे आपणच शोधा.

त्या प्रतिज्ञापत्रांबद्दलही बोललं पाहिजे. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक माफ, हा आदेश २००४ चा. २०२५ मध्ये माफीची घोषणा पुन्हा झाली, फोटोसकट. तरी पाचशेचा स्टॅम्प आणा, हे पालुपद चालूच. दोनदा माफ झालेला पैसा तिसऱ्यांदा भरायचा, ही आमची हौस समजावी का?

एवढं होईपर्यंत घराचं काय होतं? ठेवायचं, विकायचं की विकसकाला द्यायचं, यातलं काहीच ठरवता येत नाही. घेणाऱ्याचा वकील तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च काढतो आणि पत्रकावर नाव नसलं की फाईल मिटतो. विकसन करारनाम्याला सगळ्यांच्या सह्या हव्यात. नोंद तीन पिढ्या रखडली तर हिशेब असा : चार भावंडं, प्रत्येकी तीन मुलं, त्यांना दोन-दोन. चोवीस सह्या. त्यातला एक अमेरिकेत. त्याचं कुलमुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करून घ्यावं लागतं. कपाटात चौथा महिना लागला की दंड. ज्यांना हिस्सा नकोच आहे त्यांचं हक्कसोडपत्र नाममात्र मुद्रांकावर होतं, पण ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवलंच पाहिजे. नोटरीपुढे केलेल्या हक्कसोडीला रद्दीची किंमत, आणि अशा हक्कसोडी प्रत्येक पेठेत ढिगाने आहेत. शिवाय हक्क सुटतो तो सहहिस्सेदाराच्याच लाभात. भाऊ हयात असताना थेट पुतण्याला द्यायचं म्हटलं तर बक्षीसपत्र, आणि नाममात्र मुद्रांकाच्या यादीत मुलगा, मुलगी, नातवंडं आहेत, पुतण्या नाही.

घर तोवर बंद. बंद वाड्याला पहिला पावसाळा सोसतो, दुसऱ्यात कौलं सरकतात, पाणी भिंतीच्या मातीत उतरतं, तुळईच्या टोकाला वाळवी लागते. टोक बाहेरून धड दिसतं. बोटाने दाबलं की भुसा. मग महापालिकेची कलम २६४ ची नोटीस, धोकादायक इमारत म्हणून. भाडेकरू असले तर दुरुस्ती कोणी करायची यावर वेगळा वाद. मिळकत करातली ४० टक्के सवलत स्वतः राहत्या घराला. कुलूप लागलं की ती गेली. हा विषय नगरविकासचा, आपला नव्हे, हे ठाऊक आहे. पण नागरिकाला सरकार एकच दिसतं, खिडक्या तेवढ्या शंभर. त्यातली कर घेणारी खिडकी मयताच्या नावाचं बिल बिनतक्रार वटवते, तिथे प्रोबेट लागत नाही. वसुलीपुरते आजोबा जिवंत, नोंदीपुरते संशयास्पद.

लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये आला. मुदतीत सेवा नाही तर अधिकाऱ्याला दंड, असं त्यात आहे. त्यावरची पळवाटही तितकीच जुनी : मुदतीच्या आदल्या दिवशी त्रुटी काढायची. घड्याळ पुन्हा शून्यावर.

तेव्हा मागणी एवढीच. पुण्यातल्या मिळकतीला, पुण्यात केलेल्या मृत्युपत्रावरून वारस नोंद करताना प्रोबेट मागू नये, असं लेखी परिपत्रक काढा आणि ते खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, मराठीत, चिकटवा. त्रुटी काढायची ती एकदाच, सगळी एकत्र, कलमासह आणि सहीखाली नाव लिहून. पाचशेचा स्टॅम्प मागणाऱ्याला २००४ च्या आदेशाची प्रत द्या. आणि मालमत्ता पत्रकासाठी मोहीम काढणार असाल तर तारीख जाहीर करा. पावसाळ्याच्या आधीची असली तर बरं, तुळया फार थांबणार नाहीत.

कळावे,
मालमत्ता पत्रकावर नाव नसलेला एक वारस, पुणे