आप्पांनी आणलेली लग्नपत्रिका

ती. स्व. आप्पांस,
सा. न. वि. वि.

फोनवर नीट सांगता आलं नसतं, आणि गावोगावच्या इंग्रजी शिक्षकांनीही वाचावं असं वाटतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

दहावीला इंग्रजीत पत्रलेखन असतं. मी दरवर्षी फळ्यावर दोन रकाने आखायचे, औपचारिक आणि अनौपचारिक. पोरं पाठ करायची आणि पेपरात सगळी सरमिसळ. यंदा पहिल्या चाचणीत एकाने जिवलग मित्राला लिहिलं, 'रिस्पेक्टेड फ्रेंड, आय बेग टू स्टेट'. एकीने मुख्याध्यापकांना लिहिलं, 'हाय सर, गिव्ह मी टू डेज लीव्ह'. मी पोरांवर चिडले होते. उगाच चिडले, हे तुम्ही पारोळ्याहून एसटीने येऊन वर्गात बसलात तेव्हा कळलं.

तुमचं आयुष्य पोस्टात गेलेलं, अख्ख्या गावाची पत्रं वाचून दाखवलेली. तुम्ही खिशातून लग्नपत्रिका काढलीत, कोपऱ्याला हळदीचं बोट लागलेली. एका पोराला मोठ्याने वाचायला लावलंत, 'आपल्या उपस्थितीने शुभकार्याची शोभा वाढवावी'. मग विचारलंत, "आन हाईच तुन्हा मामाले फोनवर कसं सांगशी?"

"मामा, लगीनले ये बरं का! दोन दिन पहिलेच ये!"

वर्ग खो-खो हसला. तुम्ही म्हणालात, "मंग तुमले येस ना!"

खरंच येत होतं. घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, हे ही पोरं पहिलीपासून न चुकता सांभाळतात. आपल्याकडे घरात 'जेवण' आणि पत्रिकेत 'भोजन', तसंच इंग्रजीचंही आहे. 1066 मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली. त्या वाटेने आलेले 'रिक्वेस्ट', 'पर्चेस' आजही अर्जात शोभतात, मूळचे 'आस्क', 'बाय' घरातले वाटतात. हे सांगितल्यावर पोरं आपणहून जोड्या शोधायला लागली.

अडायचं ते 'यू'पाशी. आपल्याला तू, तुम्ही, आपण अशी सोय आहे. इंग्रजीतला 'तू'साठीचा 'दाउ' कधीच मागे पडला, आता लहानथोर सगळ्यांना 'यू'च. मग मान द्यायचा कशातून? 'कुड'मधून, 'वुड'मधून, 'डोन्ट' न लिहिता 'डू नॉट' पूर्ण लिहिण्यातून. रजा मागणाऱ्या त्या मुलीने 'गिव्ह मी' स्वतः खोडलं आणि वर बारीक अक्षरात लिहिलं, 'कुड यू प्लीज ग्रँट मी'. मी वही तशीच राहू दिली, खाडाखोडीसकट. 'आय बेग टू स्टेट' मात्र वर्गातून कायमचं काढलं. मान द्यायला गयावया कशाला करायची?

त्याच मुलीने तुम्हाला इंग्रजीत पत्र लिहिलंय, सोबत जोडते आहे. सुरुवात 'डिअर आप्पा' अशी आहे. 'रिस्पेक्टेड सर' लिही असं मी तिला सांगितलं नाही.

तुमची,
नववी-दहावीची इंग्रजीची बाई