सूकेची मॅच आणि तुझी झोप

सोलापूर,
रविवार, संध्याकाळ

प्रिय सुन्या,

स. न. गड्ड्याची जत्रा उठत आली, तरी होम मैदानाकडं गाडी घालायची सोय नाही. असो.

परवा फोनवर टेबलावरच्या पूल खेळावरून म्हणालास, "पूल बघायचा तर एफ्रेन रेयेसचा, बाकीचे नुसते हिशेबनीस." पटलं नाही बे. तुझी बस आली म्हणून सुटलास, ते भांडण इथं पुरं करतो.

रेयेस मोठाच. 'मॅजिशियन' उगाच म्हणत नाहीत. 1999 ला कार्डिफमध्ये जगज्जेता झाला. पण जादू लागते कधी? पांढरा, म्हणजे स्टिकनं मारायचा बॉल, अडकला की. आता राल्फ सूके घे. 1996 ला नाइन बॉलचा, 2008 ला एट बॉलचा जगज्जेता (दोन्ही पूलचेच प्रकार). त्याच्या मॅचला तुला झोप येते, कारण प्रत्येक शॉट आपल्यालाही जमेल असा दिसतो. अरे, तो सोपा शॉट त्यानं आधीच्या शॉटला स्वतःच ठेवलेला असतो!

नाइन बॉलमध्ये सगळ्यात कमी नंबरच्या बॉलला आधी लागावं लागतं, म्हणजे क्रम ठरलेला. सात नंबर खिशात घालून आठवर यायचंय समज. आपण पांढरा आठच्या लाइनीला, म्हणजे खिशापासून आठमधून मागं येणाऱ्या रेषेला, आडवा पळवतो. जोर जरा इकडंतिकडं झाला की अँगल गेला, मग टेबलाला शिव्या. ही मंडळी पांढरा त्या लाइनीवरूनच आणतात. वीतभर अलीकडं थांबला काय, पलीकडं गेला काय, आठ जातोच. आणि गरज नसेल तर साइड, म्हणजे पांढऱ्याला बाजूची फिरकी, द्यायची नाही. साइड दिली की पांढरा नेम धरलेली रेष सोडून बाजूला सरकतो, तो हिशेब वेगळा सांभाळावा लागतो. तुला मात्र सरळ शॉटलाही फिरकी हवी!

बडी हॉल याच घराण्यातला, आणि विली मॉस्कोनीही. 1954 ला ओहायोतल्या स्प्रिंगफिल्डमध्ये मॉस्कोनीनं स्ट्रेट पूल या प्रकारात सलग 526 बॉल घातले. चौदा घालायचे, पंधरावा तसाच ठेवून ते चौदा पुन्हा त्रिकोणात मांडायचे. टेबल लहान, आठ फुटी होतं, हे तू काढणारच, म्हणून आधीच सांगतो. पण सलग 526 अवघड शॉट कुणाच्या बापाला जात नाहीत, हे तरी मान.

ॲलिसन फिशरला तर जरूर बघ. स्नूकरमधली जगज्जेती, 1995 ला अमेरिकेत पूलकडं आली. हनुवटी स्टिकला टेकलेली, कोपराच्या वरचा हात जागेवर. बॉल गेल्यावरही लगेच उठत नाही.

आपल्या पार्लरमध्ये चादरवाले काका येतात ना, दुकान बंद करून? भिंतीवरची कुठलीही स्टिक उचलतात आणि टेबलाभोवती दोन पावलं टाकून फ्रेम संपवतात. गेल्या आठवड्यात आमच्या सगळ्या पोरांनी त्यांच्याकडून हरून टेबलाचे पैसे भरले. कुणाला त्यांचा एक शॉट आठवत असेल तर शपथ.

होळीला आलास की काकांशी मॅच लाव. आणि घरी आई विचारतीय, शेंगाचटणी संपली का अजून आहे?

तुझा,
बाळ्या