योगवर्ग नको, कामं लेखी द्या

महोदय,

नोकरदार महिलांच्या ताणाचा विषय निघाला की घर-नोकरीच्या कसरतीवरच सगळी चर्चा संपते. परिचारिकेचा बराचसा ताण मात्र वॉर्डातच तयार होतो. राउंड चालू असताना निवासी डॉक्टर म्हणतात, आधी रक्ताचे नमुने पाठवा. इन्चार्ज सिस्टर म्हणतात, आधी औषधांचा इंडेंट (मागणीपत्र). चुकलं की जाब एकीलाच. अशात कामाचं समाधान कुठून येणार?

मानसशास्त्रज्ञ उदय पारीक यांच्या भूमिका-ताण मापनात (कामाच्या ठिकाणच्या भूमिकेतून येणारा ताण मोजणाऱ्या प्रश्नावलीत) 50 विधानं आणि ताणाचे 10 प्रकार आहेत. परस्परविरोधी अपेक्षा, संदिग्धता (नेमकं काय करायचं हे स्पष्ट नसणं) आणि कामाचा बोजा त्यात वेगवेगळे मोजले जातात, कारण उपायही वेगळे असतात. बोजा असेल तर नोंदवह्यांसाठी वॉर्ड-क्लार्क द्या. संदिग्धता असेल तर पाळीनिहाय कामांची यादी लेखी द्या. अपेक्षा परस्परविरोधी असतील तर कोणाचा आदेश आधी, हे ठरवून वॉर्डात लावा. अशा ताणावर योगवर्ग हा उपाय नव्हे (स्वस्त पडतो, एवढं खरं). ड्यूटीचा तक्ता पंधरा दिवस आधी लावा. दोन पाळ्या अर्धा तास एकत्र ठेवल्या, तर घाईघाईत 'ओव्हर' देताना (पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवताना) सात नंबरच्या बेडचं इंजेक्शन विसरण्याची शक्यता कमी होते.

— एक वाचक, सांगली