रजा मंजूर, फेलोशिप बंद: शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय शिक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी कळव्याला राहते आणि रेडिओ खगोलशास्त्रात पीएच.डी. करते. बाळंतपणाच्या रजेवरून रुजू होऊन दुसरं सेमिस्टर सुरू झालं, तरी फेलोशिपचा एक रुपया खात्यावर आलेला नाही. परवा माझा जॉइनिंग रिपोर्ट शेरा मारून परत आला: रजेमुळे ‘संशोधनात खंड’.

खंड कसला, साहेब? यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2016 च्या नियमावलीत पीएच.डी. करणाऱ्या बाईला 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे. 2022 च्या नियमावलीतही आहे. रजा तुमच्याच नियमाने घेतली आणि आता तीच अंगाशी आली. जेआरएफचे, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिपचे, महिना 37,000 आणि वर घरभाडं, एवढ्या भरवशावर आम्ही मुलाचा विचार केला होता. आज पाळणाघराची फी सासूबाईंच्या पेन्शनमधून जाते. त्या चकार शब्द काढत नाहीत, पण मला त्यांच्याकडे मान वर करून बघवत नाही.

आणि काम कधी थांबलं होतं? नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना आहेत, एकेक 45 मीटर व्यासाची. तिथल्या डेटात मोबाईल टॉवरचा, विजेच्या तारांचा गोंगाट मिसळलेला असतो. तो एकेक फ्रिक्वेन्सी चॅनेल बघून काढायचा, मग कॅलिब्रेशन म्हणजे मोजमापं बिनचूक करणं, मग पुन्हा तेच. लेक मांडीवर झोपलेली असताना एका हाताने मी हे केलंय. तिला ताप असताना पहाटे गाईडना आलेख पाठवलेत. तुमच्या हजेरीपटावर याची नोंद कुठे होते?

पुढचंही ऐका. या क्षेत्रात पीएच.डी. झाली की दोन-तीन वर्षांच्या पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरत्या संशोधन नोकऱ्या, त्याही बहुतेकदा परदेशात. मग इथे कायमची जागा निघालीच, तर वयाची अट आडवी येते. यात बाईने मूल कधी होऊ द्यायचं? नवऱ्याने नोकरी सोडून माझ्यामागे यायचं, की लेकीला आजीपाशी ठेवून मी जायचं? हिंगोलीच्या लायगोला, म्हणजे गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला, 2023 मध्ये 2,600 कोटी मंजूर झाले, मला मनापासून आनंद झाला. पण उद्या तिथे काम करणारी माणसं आज माझ्यासारखी घरखर्चाला मोताद आहेत. मंगळयानाच्या वेळी इस्रोतल्या साडी नेसलेल्या बायकांचा फोटो देशभर मिरवला. त्यांची मुलं त्या रात्री कोण सांभाळत होतं, हे कुणी विचारलं?

रजेचे महिने फेलोशिपच्या मुदतीतून कापू नका. प्रत्येक संशोधन संस्थेत पाळणाघर सक्तीचं करा. नोकरीच्या वयोमर्यादेत प्रत्येक बाळंतपणामागे सूट द्या. आणि मला सहानुभूतीचं पत्र पाठवू नका. थकलेली फेलोशिप कोणत्या तारखेला जमा होणार, तेवढं लेखी कळवा.

आपली,
एक संशोधक विद्यार्थिनी
कळवा, ठाणे