श्रद्धा, मल्लखांब आणि आपली पोरं

प्रिय मित्रा,

स. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. लेक रोज दिवेलागणीला शुभंकरोति म्हणते, पण "बाबा, देव नेमकं करतो काय?" असं तिने विचारलं आणि तू गप्प झालास. आमच्या व्यायामशाळेत मारुती आहे, तर तिथे आम्ही पोरांना काय सांगतो, असं तू विचारलंयस. चार ओळींत उरकण्यासारखा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

तोंडाने आम्ही फार थोडं सांगतो. पोरं चपला बाहेर काढतात, कोपऱ्यातल्या शेंदरी मारुतीपुढे उभं राहून भीमरूपी म्हणतात, मग मल्लखांबाला हात लावून तो कपाळाला नेतात. खांब सागवानी, एरंडेल मुरून मुरून काळपट झालेला. पूजा एवढीच. पुढे नुसता घाम. मला हाच क्रम पटतो. मारुती ही शक्तीची देवता. जोर-बैठका काढून छाती भात्यासारखी हलायला लागली की पोरांची त्याच्याशी खरी ओळख होते.

गोष्ट मात्र मी आवर्जून सांगतो, मल्लखांबाचे आद्यगुरू मानले जाणारे बाळंभटदादा देवधर यांची. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान आले आणि त्यांनी आव्हान दिलं. कोणी पुढे येईना. कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते उचललं, तयारीला मुदत मागितली आणि वणीला सप्तशृंगीच्या डोंगरावर जाऊन राहिले. तिथे मारुतीने दृष्टांत देऊन लाकडावरच्या पकडी शिकवल्या, अशी आख्यायिका आहे. परत येऊन त्यांनी गुलाबला हरवलं, मग अलीने माघार घेतली, असं सांगतात.

एकदा एका पोराने विचारलं, "सर, मारुती खरंच आला होता?" मी म्हटलं, "ते मी पाहिलेलं नाही. पण बाळंभट डोंगरावर गेले तेव्हा झोपा काढायला गेले नव्हते, एवढं नक्की." लगेच दुसऱ्याने विचारलं, "अली वाईट होता का?" आमच्याकडे मुसलमान घरची दोन भावंडंही येतात, त्यांची मान वर झालेली मला दिसली. मी सांगितलं, "अली तगडा होता. तो तगडा होता म्हणून तर बाळंभटांना डोंगर चढावा लागला. समोरचा आपल्याला मेहनत करायला लावतो, त्याला आधी नमस्कार." ती भावंडं भीमरूपीच्या वेळी बाजूला शांत उभी राहतात आणि खांबाला मात्र सगळ्यांच्या आधी हात लावतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही, म्हणूही देणार नाही.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. श्रद्धा शिकवायची झाली तर मी साधी अढी दाखवीन. पोराने हातांनी खांब धरायचा, अंग उलटं करायचं, पायांचा विळखा घालायचा आणि मग हात सोडायचे. डोकं खाली, पाय वर, मांड्यांना तेल. हात सोडायच्या त्या क्षणी प्रत्येक पोर खाली बघतं. गादी बघत नाही रे, मला बघतं. मी तिथे असलो की हात सुटतात. एखाद्या दिवशी मी फोन घ्यायला दोन पावलं सरकलो असतो, तर त्याने खांबाबरोबर आणखी कशाकशावरचा विश्वास सोडला असता, सांगता येत नाही. म्हणून शिकवताना फोन कपाटात. आपण पोरांना देवावर विश्वास ठेव म्हणतो. पण विश्वास ठेवता येतो हे त्यांना आधी आपल्याकडूनच कळतं, आई-बाप, शिक्षक, खाली उभा असलेला माणूस यांच्याकडून. दादरच्या समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे सरांनी अंध मुलांनाही मल्लखांब शिकवला. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्याचा आम्हा सगळ्यांना केवढा आनंद झाला! ज्या मुलाला खांबही दिसत नाही आणि सरही दिसत नाहीत, त्याने हाकेवर आणि स्पर्शावर भरवसा टाकून उलटं व्हायचं. याहून मोठी श्रद्धा मला माहीत नाही.

ज्याची मला मनापासून चीड येते, तेही लिहितो. स्पर्धा जवळ आल्या की पालक नवस बोलतात, तेही पोरांच्या देखत. दोरीच्या मल्लखांबावरची एक मुलगी, फार गुणी. दोरीला गाठ मारायची मुभा नसते. पायाचा अंगठा आणि शेजारच्या बोटात दोरी चिमटून वर जायचं, अंगाभोवती वळसे घेऊन आसन धरायचं. हिची चिमटी सुटली, आसन मोडलं, पदक गेलं. संध्याकाळी मारुतीपुढे उभी राहून मला म्हणते, "सर, मारुती माझ्यावर रागावलाय का?" पोटात कालवलं माझ्या. मी तिला दोरीपाशी नेलं, पाय पुढे करायला लावला. बोटांच्या बेचक्यातली कातडी सोलवटली होती, आणि दुखतंय हे तिने घरी सांगितलंच नव्हतं, आईने नवस बोललाय म्हणून! मी म्हटलं, "मारुती गुण मोजत बसत नाही. पाय बरा होऊ दे, मग ये." देवाला पदकाशी बांधलं की हरलेल्या पोराचा देवही जातो. पालकांशी यावरून मी भांडतो आणि भांडत राहणार.

तेव्हा लेकीला सांग, देव काय करतो ते बाबालाही पुरतं ठाऊक नाही, आपण मिळून बघू. आणि दिवाळीच्या सुट्टीत तिला इकडे घेऊन ये. नखं कापलेली असू देत, अंगाबरोबर बसणारे सुती कपडे आण, तेलाचे डाग पडतील याची तयारी ठेव. पहिले काही दिवस मोबाइलवर चित्रण नको. तू मात्र ये आणि गादीच्या कडेला उभा राहा. ती खाली बघेल तेव्हा तू तिला दिसायला हवास.

वहिनींना नमस्कार, लेकीला अनेक आशीर्वाद. उत्तर लवकर पाठव.

तुझाच,
जुना मित्र