मिस्त्रीकाका, पायरीचे पैसे अजून घेतले नाहीत तुम्ही

मिस्त्रीकाका,

साष्टांग नमस्कार.

"नाव घातलंस तर याद राख," असा दम तुम्ही फोनवर भरलात, म्हणून नाव घालत नाही. गावही लिहीत नाही. एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त होऊन दापोली तालुक्यात घराशेजारच्या आंब्याखाली बॉडीचं काम करणारे मिस्त्री असे कितीसे असणार? ओळखायचं ते ओळखतील. हे पत्र चारचौघांत लिहितेय, कारण समोर आले की तुम्ही बोलूच देत नाही. "आभार कसले, चा पी," म्हणता आणि विषय बसच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या आवाजावर नेता.

आई देवगडजवळच्या कुणकेश्वराला जाऊन आली. तुम्ही नीट करून दिलेल्या आमच्या बसमध्ये स्वतःच्या पायांनी चढून गेली आणि स्वतःच्या पायांनी उतरली. आल्यापासून जो भेटेल त्याला ती हेच सांगतेय, आणि ऐकताना माझा गळा दर वेळी दाटतो. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं.

बसचं वेड मला कधीच नव्हतं. लहानपणी लाल डब्यातून दापोली-खेड करताना पोटात ढवळायचं, एवढाच माझा नि बसचा संबंध. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं आणि आमच्या घरावरची कौलं वाशांसकट गेली. पोफळी आडव्या झाल्या, माड मधोमध मोडले. शाळा मार्चपासून बंद होत्या, त्यामुळे आतेभावाची शाळेची बस आमच्या खळ्यात नुसती उभी होती. टाटा ४०७ च्या चॅसिसवरची, पिवळी, थोडी गंजलेली. वाडीतलं अर्धं काही पडलं, ती मात्र एक काच सोडून जशीच्या तशी. त्या रात्री आईला कुठं झोपवायचं हा प्रश्न होता. आम्ही सीट उपटून बाहेर काढल्या, बाज आत टाकली, तांदळाची पोती मागे लावली आणि आई बसमध्ये राहायला गेली.

पुढे पत्रे मिळेनात, मिळाले तर परवडेनात, सुतार मिळेना, वीज तर कित्येक आठवडे नव्हती. तो सगळा पाऊस आईनं बसमध्येच काढला. सोबतीला मी. कोकणातला पाऊस पत्र्याच्या टपावर कसा वाजतो हे ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको. झोप लागत नसे, मग मी बस बघत पडायची. पाणी कुठून झिरपतं, खिडकीची कोणती काच सरकवली की वारा येतो पण सर येत नाही, चाकावरचा उंचवटा किती जागा खातो. आई एकदा म्हणाली, "घराला कुठायत गं दोन्ही बाजूंनी खिडक्या?" आणि थोड्या वेळानं, "हिला चाकं पण आहेत की."

वेड लागलं ते तिथून. घरावर छप्पर चढलं तरी बस रिकामी करावीशी वाटेना. आतेभावानं तोवर धंदा सोडला होता. बस मी घेतली. घरचे म्हणाले, हिला वादळवारा लागला.

मग जिकडे तिकडे रूप बदललेल्या बसच दिसायला लागल्या. त्याच वर्षी मे महिन्यात एसटीनं मालवाहतूक सुरू केली होती. जुन्या प्रवासी गाड्यांच्या सीट काढून, खिडक्यांवर पत्रा मारून त्यांचे ट्रक केले आणि त्यांतून हापूसच्या पेट्या रत्नागिरीहून मुंबईला गेल्या. पुण्यात मोडीत निघालेल्या पीएमपीच्या बसची बायकांसाठी स्वच्छतागृहं केली होती. अमेरिकेत तर जुन्या पिवळ्या स्कूलबसची घरं करून राहणारी माणसं आहेत, अशा गाडीला ती 'स्कूली' म्हणतात. १५ सप्टेंबर २०२३ ला बेस्टची शेवटची डिझेल डबलडेकर धावली तेव्हा मुंबईकर हळहळत होते, आणि मी बातम्या बघत विचार करत होते की हिच्या वरच्या मजल्यावर झोपायची खोली काय झकास झाली असती.

हे झालं वेड. आता थोडं कडू.

राज्यानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आरटीओ, गाडीत फेरफार करायच्या परवानगीचं कलम ५२, कागदपत्रं हे सगळं इथं उगाळत नाही. आपल्या बसचं फिरतं घर करायचं आणि आईला कुणकेश्वराला न्यायचं, एवढं मी ठरवलं होतं. शहरातलं एक नावाजलेलं गॅरेज गाठलं. काचेचं ऑफिस, भिंतीवर डोंगरातले फोटो. पहिला प्रश्न, "सर आले नाहीत का?" सर कोण? मी सांगितलं की आईला गुडघ्यांचा त्रास आहे, तिला चढता आलं पाहिजे आणि आतच संडास पाहिजे. तिनं कित्येक वर्षं लांबचा प्रवास सोडला तो याच दोन गोष्टींपायी. त्या मुलानं मान डोलावली आणि मला लाइटचे रंग दाखवायला लागला. निळे, जांभळे, रिमोटवर बदलणारे.

आगाऊ रक्कम घेतली, सांगितलेल्या तारखा टाळल्या, आणि शेवटी बस दिली तेव्हा आत शिरल्यावर मला वाटलं मी हॉटेलात आले. ओट्यावर ग्रॅनाइट. छताला गुळगुळीत प्लाय. आणि दाराशी पायरी होती तीच, शाळेतल्या पोरांनी उड्या मारत चढावी अशी. आईचं काय, विचारल्यावर उत्तर आलं, "स्टूल ठेवा ना मॅडम."

पहिल्याच पावसात प्लाय फुगला. तक्रार केली तर म्हणाले, समुद्राजवळ राहता, त्याला आम्ही काय करणार. समुद्राजवळ राहतो हे मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं.

तुमचं नाव मला दाभोळच्या धक्क्यावर कळलं. फेरीबोटीत गाडी चढवत होते. ओहोटी होती, रॅम्प खडा झालेला, आणि त्या लोकांनी सांडपाण्याची टाकी मागच्या चाकांच्याही मागे टांगलेली. ती रॅम्पला असली घासली की बोटीवरची माणसं ओरडली. त्यातलाच एक खलाशी खाली वाकून बघत म्हणाला, "ही टाकी कुठल्या शहाण्यानं लावली? आमच्या मिस्त्र्याकडं जा." वशिष्ठीची खाडी ओलांडून धोपाव्याला जायचा बेत मी तिथंच सोडला आणि बस तुमच्याकडं वळवली.

तुम्ही अर्धा तास काही बोललाच नाहीत, आठवतं? नुसते गाडीभोवती फिरलात, खाली शिरलात, मागे गेलात. मागचं संकटकाळी बाहेर पडायचं दार उघडायला गेलात तर आतून कपाट. तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलंत, "बाय, हे दार कुणी बुजवलान?" मग पलंगाखालच्या बंद खोक्यात गॅसचा सिलिंडर दिसला आणि तुमचा आवाज चढला. गॅस हवेपेक्षा जड, गळला की खाली बसतो, म्हणून खोक्याच्या बुडाला थेट बाहेर उघडणारं भोक हवं. एवढं ज्याला कळत नाही त्यानं स्वयंपाकाच्या गाड्या करू नयेत, असं काहीसं म्हणालात. खरं तर याहून बरंच काही म्हणालात, ते लिहिता येत नाही.

शिकले मी तुमच्याकडं, काका. ॲल्युमिनियमचा पत्रा नुसत्या लोखंडी सांगाड्यावर ठोकला की खाऱ्या हवेत दोघांच्या मध्ये पांढरी भुकटी का धरते, आणि मध्ये प्रायमर नि रबराची पट्टी का घालायची. आपल्याकडं वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पाणी कितीही अडवलं तरी आत येणारच, म्हणून सांगाड्याच्या तळाला ते निघून जायची भोकं ठेवायची. दोनशे लिटरची टाकी म्हणजे भरल्यावर दोनशे किलो, ती दोन चाकांच्या जोड्यांच्या मध्ये, खाली आणि मधोमध बसवायची, म्हणजे वळणावर गाडी अंग टाकत नाही आणि रॅम्पलाही घासत नाही. मी टप कापून उंच करायचं काढलं, स्कूलीवाले करतात तसं, तर तुम्ही हातोडा खाली ठेवून म्हणालात, "टपाच्या कमानीवर सगळी बॉडी उभी असते. कापायची असेल तर दुसरा मिस्त्री बघ." ग्रॅनाइट काढून तुम्ही तुळशीवृंदावनाशेजारी कपडे धुवायला ठेवलात. ते तिथंच शोभतं.

हे सगळं मी कुठंही पैसे देऊन शिकले असते म्हणा, कुणी मनापासून शिकवलं असतं तर. पत्र त्यासाठी नाही. पत्र त्या संध्याकाळसाठी आहे.

काम चालू होतं, बस तुमच्या खळ्यात होती, आणि तुम्ही अचानक सायकलवरून आमच्याकडं आलात. मला वाटलं पैशांचं काही असेल. तुम्ही ओट्यावर बसलात, पाणी प्यायलात आणि आईला म्हणालात, "ताई, जरा पाय उचलून दाखवता का? दुखत नाही तिथपर्यंतच." आई लाजली. मग तुम्ही पडवीजवळचा एक पातळ चिरा तिच्या पायापुढं ठेवलात. चढा. चढली. त्यावर लाकडी फळकूट. चढा. चढली, पण तोंड आवळलं तिनं. तुम्ही फळकूट काढलंत. काही विचारलंसुद्धा नाही, तिच्या तोंडाकडं बघत होतात. पुन्हा बारीक फळी. असं करत करत तिचा गुडघा कुरकुर न करता किती उंच जातो ते तुम्ही काढलंत आणि विटेच्या तुकड्यानं भिंतीवर रेघ मारलीत. मग म्हणालात, "आता हात." तिचा उजवा खांदा वर जात नाही हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. ती पदर सावरते कोणत्या हातानं ते बघून तुम्ही ओळखलंत.

त्या रेघेवरून तुम्ही घडीच्या पायऱ्या केल्यात. एसटीच्या जुन्या सीटच्या पाइपांच्या, वर खडबडीत पत्रा, ओल्या चपलेनं घसरू नये म्हणून. धरायचा दांडा डाव्या बाजूला, तिच्या कोपराच्या उंचीवर, त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर गुंडाळलेलं, उन्हात हाताला चटका बसू नये म्हणून. बिल केलंत तेव्हा त्यात पायरी नव्हती. मी विचारलं तर म्हणालात, "ते काम नव्हतं."

काका, मी काचेच्या ऑफिसात आईच्या गुडघ्याबद्दल बोलले होते. डॉक्टरांपाशी बोलले होते, नातेवाइकांपाशी तर बोलून थकले. सगळ्यांनी ऐकलं. पाय उचलून दाखवा असं तिला कुणीही म्हणालं नव्हतं.

मला आता असली माणसं दिसायला लागली आहेत, हेही तुमच्यामुळंच. तो खलाशी, ज्याला माझ्या टाकीशी काही देणंघेणं नव्हतं. या वेळी जाताना ओहोटी लागलेली बघून त्यानंच आम्हाला थोडं थांबवलं, गाडी तिरकी घ्यायला लावली आणि चाकाखाली फळ्या सरकवल्या. देवगडकडं एका अंगणात रात्री बस लावायची परवानगी मागितली तर त्या बाईनं आधी नळाची पाइप आणून दिली आणि मग विचारलं, कुठून आलात. असली माणसं पाटी लावून बसत नाहीत, त्यांच्या कामाचे फोटो भिंतीवर नसतात. कुणाला तरी अडचण आहे हे दिसलं की त्यांना गप्प बसवत नाही, इतकंच. आणि आपण आयुष्यभर काचेची दारं ढकलत बसतो!

कुणकेश्वराला आई पायरीवर बसून समुद्र बघत होती, देवळाच्या नव्हे, बसच्या. दर्शन झालं होतं. येणाऱ्याजाणाऱ्या बायका थांबून विचारत होत्या, आत बघू का. आई प्रत्येकीला संडास दाखवत होती, मग गॅसच्या खोक्याचं बुडाचं भोक, मग घरात देव्हारा दाखवावा तसा तो डावीकडचा दांडा. एका आजींनी पायरी चार वेळा चढून-उतरून बघितली आणि नातवाला म्हणाल्या, "ह्या मिस्त्र्याचा पत्ता घे." मी दिला नाही. तुमच्या परवानगीशिवाय देणार नाही, पण विचार करा. तुमच्या हातचं शिकायला कुणी पोरगा तयार होत असेल तर माझी बस नमुना म्हणून कधीही घेऊन जा.

डाव्या मागच्या पाट्याचा आवाज परत सुरू झालाय. परतताना वाळूत गाडी घातली नाही, उगाच ओरडू नका. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं खालून धुतलीसुद्धा. गणपती झाले की घेऊन येते. पायरीचे पैसे या वेळी घ्यावे लागतील, नाहीतर आई स्वतः येऊन बसणार आहे तुमच्या खळ्यात, आणि आता तिला चढता-उतरता येतं. तिनं तुमच्यासाठी कोकमाचं आगळ भरून ठेवलंय. मागची बाटली तेवढी धुऊन ठेवा, असा निरोप आहे.

तुमची,
बाय