रुपेरी रेघा आणि ऑपरेटरचा पगार

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छे परिसरातील प्लास्टिक मोल्डिंगच्या, म्हणजे वितळलेले प्लास्टिक साच्यात (मोल्डमध्ये) दाबून वस्तू बनवणाऱ्या, छोट्या कारखान्यांत मी बावीस वर्षे काम करीत आहे. दर पावसाळ्यात येथे एकच प्रकार घडतो: मालावर रुपेरी रेघा उठतात, लॉट परत येतो आणि त्याचा भुर्दंड रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या पगारातून कापला जातो. या रेघांचे कारण बहुतेक वेळा ऑपरेटरच्या हातात नसते, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या आषाढात मी जेथे होतो तेथे पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची मीटरची झाकणे चालू होती. रात्री अकराच्या सुमारास गेटपासून, म्हणजे प्लास्टिक साच्यात शिरते त्या तोंडापासून, पंख्यासारख्या पसरलेल्या, अभ्रकासारख्या चमकणाऱ्या रेघा दिसू लागल्या. खानापूर तालुक्यातून रोज बसने येणारा आमचा ऑपरेटर मेहनती मुलगा. त्याला शिकवले होते त्याप्रमाणे त्याने बॅरलचे, म्हणजे प्लास्टिक वितळवणाऱ्या नळीचे, टेम्परेचर वीस अंशांनी वाढवले, तेव्हा रेघा वाढल्या. मग त्याने इंजेक्शनचा वेग कमी केला, तर मालावर प्रवाहाचे वळ दिसू लागले. प्रेशर वाढवले, तर मोल्डच्या सांध्यातून फ्लॅश, म्हणजे जादा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, येऊ लागला. सकाळी मी पोचलो तोवर सहा सेटिंग्ज बदललेली होती आणि मूळ आकडे कोणालाच आठवत नव्हते.

मी नोझल (बॅरलचे टोक) मोल्डपासून मागे घेऊन मोकळ्या हवेत एक शॉट, म्हणजे एका वेळचे वितळलेले प्लास्टिक, काढायला सांगितला. कोरड्या पॉलिकार्बोनेटची धार काचेसारखी स्वच्छ पडते. त्या दिवशी मात्र तडतड आवाज येत होता आणि वितळलेल्या दोरीत साबणाच्या फेसासारखे बुडबुडे होते. प्लास्टिकच्या कच्च्या दाण्यातले पाणी बॅरलमध्ये वाफ झाले होते आणि ती वाफ पृष्ठभागावर ओढली जाऊन रेघा उमटत होत्या. टेम्परेचर वाढवून वाफ कमी होत नाही; उलट प्लास्टिक जळू लागते आणि त्याच्याही रेघा येतात.

‘पण दाणा सुकवणारा ड्रायर तर १२० अंशांवर चालूच होता,’ असे मालकांचे म्हणणे होते आणि ते खरेही होते. तथापि ड्रायरवरचा आकडा हवेचा असतो, दाण्याच्या कोरडेपणाचा नव्हे. पॉलिकार्बोनेटला १२० अंशांवर तीन ते चार तास लागतात. आमचे मशीन ताशी दहा किलो माल खात होते आणि मशीनवर बसवलेला हॉपर ड्रायर पंचवीस किलोंचा होता, म्हणजे दाणा त्यात जेमतेम अडीच तास राहत होता. उन्हाळ्यात हे कसेबसे निभावते. पावसाळ्यात साधा गरम हवेचा ड्रायर बाहेरचीच दमट हवा ओढून तापवतो आणि त्या हवेने दाणा हवा तितका सुकत नाही. पॉलिकार्बोनेटसाठी ओलावा शोषून घेणारा डिह्युमिडिफायिंग ड्रायरच हवा, नायलॉनचेही तेच. त्यात गोणी उघडी ठेवून शेडच्या दाराशी रचलेली असेल, तर बोलायलाच नको.

हा केवळ दिसण्याचा दोष आहे, असे समजून माल पुढे रेटणेही योग्य नाही. ओले पॉलिकार्बोनेट बॅरलमध्ये तापले की त्याच्या साखळ्या तुटतात आणि झाकण ठिसूळ होते. असा माल दळून पुन्हा वापरला, कितीही सुकवला, तरी गेलेली ताकद परत येत नाही.

पावसाळ्याचा आणखी एक दोष याच रेघांत गणला जातो. मोल्ड गार ठेवणाऱ्या चिलरचे पाणी फार थंड ठेवले की मोल्डच्या पोकळीवर दव जमते, आणि मालावर पाण्याचे ओघळ उमटतात. तेव्हा ड्रायरला दोष न देता चिलरचे पाणी काही अंशांनी गरम करावे. बरगडीच्या, म्हणजे मजबुतीसाठी आतून दिलेल्या उभ्या पट्टीच्या, पाठीमागे पडणारे खड्डे आणि प्रवाहाच्या शेवटी दिसणारे काळे चट्टे यांचा ओलाव्याशी संबंध नाही: खड्डे होल्डिंग (साचा भरल्यावर धरून ठेवायचा दाब) कमी पडल्याने किंवा बरगडी भिंतीच्या मानाने जाड केल्याने पडतात, चट्टे कोंडलेल्या हवेने. जाड बरगडी किंवा बुजलेले व्हेंट (हवा बाहेर जाण्याच्या बारीक वाटा) ही मोल्डची दुरुस्ती आहे. ती मशीनच्या बटणांनी होत नाही.

माझी मालकमंडळींना विनंती आहे की जून ते सप्टेंबर या काळात रेघा दिसल्यास प्रथम मोकळा शॉट काढून पाहावा, त्यानंतर ड्रायरमधला वेळ मोजावा आणि ड्रायरचा फिल्टर उघडून पाहावा. सेटिंग बदलायचेच असेल तर एका वेळी एकच बदलावे आणि आधीचा आकडा वहीत लिहून मगच हात लावावा. मशीनवर इंग्रजीत चिकटवलेला सूचनांचा कागद आमच्या पोरांपैकी फार थोडे वाचतात. शेजारच्या मशीनवर बैलहोंगलचा मुलगा असतो, तोही वाचत नाही. तोच कागद मराठीत आणि कानडीत लावण्याचा खर्च एका परत आलेल्या लॉटपेक्षा नक्कीच कमी आहे.

खानापूरच्या त्या ऑपरेटरच्या पगारातून कापलेली रक्कम अद्याप त्याला परत मिळालेली नाही.

आपला विश्वासू,
एक मोल्डिंग सुपरवायझर, मच्छे, ता. बेळगाव